आईच्या तळपायावरचा तीळ

आज आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. तिच्या डाव्या टाचेजवळ तीळ आहे. "पायाला तीळ म्हणजे प्रवासाचा योग," असं आजी म्हणायची, त्यामुळे त्याची काळजी कुणी केलीच नव्हती. परवा पायाला तेल चोळताना दिसलं, दिवाळीपासून तो चांगलाच पसरलाय.

डॉक्टरांनी डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बराच वेळ पाहिलं. एक बाजू दुसरीसारखी नाही, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन-तीन, आकार ६ मिलिमीटरहून मोठा. आणि मुख्य म्हणजे तो बदलतोय. ही सगळी मेलानोमाची शंका यावी अशी लक्षणं. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तसा दुर्मीळ, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली. जिथे ऊनही पोचत नाही तिथे! जमैकाचा गायक बॉब मार्ले याच आजाराने ३६व्या वर्षी गेला, त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखालूनच झाली होती.

"पार्लरमध्ये जाळून घेऊ का?" आईने विचारलं. डॉक्टर ठामपणे नाही म्हणाले. जाळला की तपासायला काही उरतच नाही. गुरुवारी तो काढून बायोप्सीला पाठवणार आहेत.

आई शांत आहे. मी मात्र घरी आल्याआल्या बाबांचे, मुलांचे, सगळ्यांचे तळपाय दिव्याखाली धरून पाहिले.