हायड्रेंजियाला ऊन किती? माझा फसलेला हिशेब

हायड्रेंजिया घरी आणलं तेव्हा त्यावर फुलांचे तीन निळे गेंद होते. फुलझाड म्हटलं की ऊन हवंच, या समजुतीनं मी कुंडी पश्चिमेच्या भिंतीशी ठेवली. दुपारनंतर तिथे चांगलं चार तास ऊन असतं.

आठवड्याभरात गेंदांच्या कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी झाल्या. दुपारी दोनच्या सुमारास पानं मान टाकायची, मी धावत जाऊन पाणी घालायची आणि संध्याकाळी ती ताठ झाली की स्वतःवरच खूश व्हायची. खरं तर ऊन उतरल्यावर ती आपली आपणच सावरत होती. या झाडाची पानं मोठी. भर उन्हात त्यांच्यातून पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की मुळांना तेवढं पुरवता येत नाही. माती ओली असली तरी पानं लोंबतात ती त्यामुळे. हे उमगेपर्यंत मी कुंडीत चिखल करून ठेवला होता आणि खालची पानं पिवळी पडायला लागली होती. तेव्हापासून आधी दोन पेरं बोट मातीत खुपसून बघते. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत हात आवरायचा. सकाळच्या गारव्यातही पानं मलूल दिसली, तर मात्र काहीतरी बिघडलंय हे नक्की.

मग मी दुसरं टोक गाठलं. कुंडी उचलून एका दाट झाडाखाली नेली. पानं हिरवीगार झाली, फांद्या लांबल्या, आणि पुढच्या हंगामात गेंद एकही नाही! सगळा दोष सावलीला देता येणार नाही म्हणा. आदल्या हंगामाच्या शेवटी मी हौसेनं छाटणी केली होती आणि मोठ्या पानांच्या या जातीत बहुतेक वाणांच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच आधीपासून तयार होत असतात. त्या माझ्याच कात्रीखाली गेल्या. शिवाय कुंडी हलवायला गेले तर ती जागची हलेना. खालच्या भोकातून वरच्या झाडाची मुळं आत शिरली होती आणि मी घातलेलं पाणी तीच पीत होती.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वही घेतली. चार जागा ठरवल्या आणि सकाळपासून दर तासाला जाऊन लिहिलं: ऊन, कवडसे, की सावली. संध्याकाळी बेरीज केली तर पूर्वेच्या भिंतीलाही चारच तास ऊन, म्हणजे जवळजवळ पश्चिमेइतकंच. फरक होता तो वेळेचा. पूर्वेला ते साडेदहा-अकराला संपत होतं आणि पुढे घराची सावली, पण वर मोकळं आभाळ, त्यामुळे उजेड भरपूर. ही जागा मी ‘अंधारी’ म्हणून कधीच बाद केली होती, कारण बागेत मी फक्त दुपारीच जात असे. पश्चिमेचं ऊन मात्र हवा तापल्यावर यायचं आणि वरून भिंतीची धग.

सावलीत वाढलेली पानं एकदम उन्हात आणली तर करपतात. म्हणून दहा दिवस कुंडी थोडी थोडी पूर्वेच्या भिंतीकडे सरकवत नेली. ऋतू बदलला तसा सूर्याचा मार्गही सरकला. पुन्हा एकदा वही काढावी लागली आणि कुंडी दोन हात मागे गेली.

यंदा सात गेंद आले, पण निळे नाहीत, गुलाबीसर जांभळे. मला वाटलं, ऊन कमी पडलं. पण रंगाचा संबंध उन्हाशी नाही, मातीतल्या ॲल्युमिनियमशी आहे. सामू (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे याचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5.5 च्या खाली असला की ते मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं; 6.5 च्या वर गेला की गुलाबी. माझी माती बहुधा मधेच कुठेतरी अडकली असावी. (काही वाण पांढरेच असतात, ते मातीला असे जुमानत नाहीत.)

पश्चिमेच्या रिकाम्या जागेत आता हायड्रेंजियाचीच शंकूसारखे तुरे येणारी पॅनिक्युलाटा जात लावली आहे. हिला सहा तास ऊनही सोसतं, आणि कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हंगामाआधी कात्री चालवली तरी चालतं. माझ्यासारख्या हात शिवशिवणाऱ्या माणसाला हीच आधी मिळायला हवी होती.

पूर्वेच्या कुंडीतला कडेचा एक गेंद अजून थोडा करपतो. अकरानंतर उन्हाची एक पट्टी तिथवर पोचते. तेवढ्यासाठी आता कुंडी हलवत नाही.