संगणकातला स्क्रू

"सर, तुमच्या कॉम्प्युटरमधला स्क्रू कधी सैल पडत न्हाई काय?" सांगलीतल्या आमच्या कार्यशाळेतील मामांनी आज दुपारी स्क्रूड्रायव्हर हातात धरूनच हा प्रश्न विचारला, आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

छोट्या उपग्रहासाठीचा सुमारे ९ सेंटिमीटर बाजूचा, १.६ मिलिमीटर जाडीचा सर्किट बोर्ड चार कोपऱ्यांवर स्क्रूने घट्ट बसवला होता. फायनाइट एलिमेंट प्रतिमानात, म्हणजे वस्तूचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेल्या गणितात, त्याची पहिली नैसर्गिक कंपनवारंवारता (ठोका दिल्यावर तो आपसूक सेकंदाला किती वेळा कंप पावतो तो आकडा) २४० हर्ट्झ आली होती; लहान हातोडीने हलका ठोका देऊन प्रत्यक्ष मोजली, तर १९० हर्ट्झ निघाली. वारंवारता ताठरतेच्या (वाकण्याला होणाऱ्या विरोधाच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वस्तुमान बरोबर धरले असेल, तर ताठरता मी जवळजवळ १.६ पट जास्त गृहीत धरली होती.

जाळी मी तीनदा बारीक केली, पदार्थाचे गुणधर्म पुन्हा तपासले. मात्र कोपरे 'पूर्ण जखडलेले' ही एका क्लिकची नोंद मी एकदाही तपासली नव्हती. खरा स्क्रू थोडा वळू देतो, त्याखालचा स्पेसर, म्हणजे बोर्ड उचलून धरणारी छोटी नळी, तीही थोडी लवते. चौरस पातळ पत्र्याच्या चारही कडा नुसत्या टेकवण्याऐवजी पूर्ण जखडल्या, तर त्याची पहिली वारंवारता सुमारे १.८ पट होते, हे मी स्वतः वर्गात शिकवतो.

प्रक्षेपणाच्या वेळचे हादरे साधारण २० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात तपासतात, त्यामुळे ही ५० हर्ट्झची चूक शेवटी बोर्डावरचे भाग धरून ठेवणाऱ्या सोल्डरच्या सांध्यांवर जाऊन बसते. उद्या कोपरे पूर्ण जखडण्याऐवजी त्यांवर स्प्रिंग घालून प्रतिमान पुन्हा चालवणार आहे. त्या स्प्रिंगची ताठरता तुम्ही कशी ठरवता?