फुकेतच्या किनाऱ्यावर, जहाजाच्या घड्याळाने

सिंगापूरहून निघणाऱ्या आमच्या क्रूझच्या माहितीपत्रकात ‘फुकेत’ हे नाव पानभर छापलेले होते, परंतु जहाज तिथे धक्क्याला लागणार नसून पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभे राहणार आणि किनाऱ्यापर्यंत लहान होड्यांनी जावे लागणार, ही गोष्ट त्यात एका ओळीनेही सांगितलेली नव्हती. आदल्या दिवशी मलेशियातल्या पिनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागले होते आणि माझ्या सासूबाई काठी टेकत, कोणाचाही हात न धरता शहरात उतरल्या होत्या. फुकेतच्या सकाळी आम्हाला कळले, की आज समुद्रातच होडीत पाऊल टाकायचे आहे.

या होड्यांना जहाजावर टेंडर म्हणतात. जहाजाच्या कडेला टांगलेल्या, संकटकाळी जीव वाचवण्यासाठी असलेल्या होड्यांपैकीच काही अशा बंदरात फेऱ्या मारण्यासाठी पाण्यात सोडतात. क्रमांकाचे स्टिकर कपड्यांवर चिकटवून आम्ही जहाजाच्या नाट्यगृहात बसलो आणि बसूनच राहिलो, कारण जहाजाच्याच सहली विकत घेतलेल्यांना आधी सोडले जात होते. स्वतःच्या पायांनी गाव पाहू इच्छिणाऱ्यांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, हा नियम मला अत्यंत खटकला. त्यात वृद्धांसाठी काही वेगळी सोय आहे का, असे विचारल्यावर हसतमुखाने ‘नाही’ असे उत्तर मिळाले. जहाजावर सगळेच हसतमुख असतात, आणि त्या हसण्याचे पैसे माणशी, रोजच्या रोज, लहान मुलांसकट आपल्या खात्यावर आपोआप लागत असतात.

होडीत उतरण्याचा क्षण मात्र खलाशांनी सांभाळला. पाऊस संपून समुद्र निवळला होता, तरीही होडी आणि जहाजाचा दरवाजा यांच्यातली फट लाटेबरोबर कमी-जास्त होत होती. दोन खलाशांनी आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, हात मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट धरले, लाटेचा अंदाज घेतला आणि होडी दरवाजाच्या पातळीला येताच त्यांना अलगद आत घेतले.

पातोंगला उतरल्यावर दुसरे प्रकरण सुरू झाले, ते घड्याळाचे. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे आणि आमचे जहाज सिंगापूरच्या वेळेने चालत होते. मोबाईल मात्र किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच निमूटपणे थायलंडचे झाले. शेवटची होडी जहाजाच्या साडेचारला, म्हणजे गावातल्या साडेतीनला होती. माझ्या नवऱ्याने मनगटी घड्याळाला हात लावला नाही आणि दिवसभर तो प्रत्येक वेळ दोनदा सांगत राहिला. कागदावर आठ तासांचा असलेला मुक्काम रांग, होडी आणि परतीची धास्ती वजा जाता जेमतेम चार तासांचा उरला. त्या चार तासांत मोठ्या बुद्धाची मूर्ती, वाट चालोंग हे बौद्ध मंदिर आणि जुने फुकेत शहर हे सारे उरकणारी कुटुंबे आम्ही नंतर परतीच्या रांगेत पाहिली. त्यांच्या चेहऱ्यांवरून आम्हाला कोणताही हेवा वाटला नाही.

आम्ही किनारा सोडला तो फक्त एकदा, आणि तोही जेवणासाठी. रात्रीच्या बारसाठी ओळखला जाणारा बांगला रस्ता दुपारी पाहण्यासारखा नाही; बंद बार, धुतल्या जाणाऱ्या फरशा आणि पेट्या उतरवणारे टेम्पो एवढेच दिसते, जे किशोरवयीन मुले आणि सासूबाई बरोबर असताना माझ्या पथ्यावरच पडले. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर लाट आणि धावणारा माणूस दाखवणारे निळे फलक आहेत. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी याच किनाऱ्यावर त्सुनामी आली, आणि त्या वेळी हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हे ऐकल्यावर मुलीने सर्वांत जवळचा उंच रस्ता कोणता, ते फलकावरून शोधून काढले आणि मगच पोहायला परवानगी मागितली. मुलाचे लक्ष पॅराशूटकडे होते. इथे पर्यटकाला पट्टे बांधतात, पण त्याच्या डोक्यावर, दोरांमध्ये, कोणताही पट्टा न बांधता एक स्थानिक तरुण बसून दिशा सांभाळतो. हे पाहून आईंनी त्या तरुणाच्या आईची इतकी काळजी केली, की मुलाने पुढे विषयच काढला नाही.

या सगळ्यापेक्षा मला लिहायचे आहे ते एका प्लास्टिकच्या स्टुलाबद्दल.

पातोंगच्या वाळूवर खुर्च्या आणि छत्र्या ठरावीक पट्ट्यांतच लावता येतात. २०१४ मध्ये लष्करी राजवटीने किनारे मोकळे केल्यानंतरची ही व्यवस्था आहे. आम्ही भाड्याने घेतलेल्या खुर्च्या इतक्या बुटक्या होत्या, की आई त्यांत बसल्या असत्या तर त्यांना उठवायला पुन्हा ते दोन खलाशी बोलवावे लागले असते. त्या काठीवर भार देऊन उभ्याच राहिल्या आणि समुद्राकडे पाहत म्हणाल्या, “अंदमान कुठल्या बाजूला रे?” नवऱ्याने उजवीकडे, वायव्येला बोट दाखवले. आईंनी पूर्वी पोर्ट ब्लेअरचे सेल्युलर जेल पाहिले होते. “म्हणजे काळ्या पाण्याचा समुद्र तो हाच,” असे म्हणून त्यांनी पाण्यात पाय बुडवण्याची इच्छा व्यक्त केली. ओल्या वाळूत उभे राहणे त्यांना झेपणारे नव्हते, हे आम्ही सारेच जाणून होतो, आणि कोणी काही बोलत नव्हते.

छत्र्यांचे पैसे गोळा करणाऱ्या बाई हे सर्व पाहत होत्या. साठीच्या असाव्यात. त्या मागच्या टपरीतून एक उंच प्लास्टिकचे स्टूल घेऊन आल्या, घोटाभर पाण्यात ते वाळूत दाबून पक्के केले आणि आईंना हाताने बोलावले. मी एका बाजूने आणि त्या दुसऱ्या बाजूने, असे आम्ही आईंना स्टुलावर बसवले. लुगड्याचे काठ भिजले, त्याकडे आईंनी पाहिलेही नाही. भरती सुरू झालेली होती. पाणी पोटऱ्यांपर्यंत आले की त्या बाई आपले गिऱ्हाईक सोडून यायच्या, आईंना उठवायच्या, स्टूल चार पावले मागे घ्यायच्या आणि पुन्हा बसवायच्या. मी हे काम माझ्याकडे घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला हाताने खुणावून पोरांकडे पाठवले. आई त्यांच्याशी मराठीत आणि त्या आईंशी थाई भाषेत, असे दोघींचे बोलणे बराच वेळ चालले होते. विषय गुडघे हा असावा, कारण दोघीही आपापले गुडघे दाखवत होत्या.

निघताना मी वेगळे पैसे पुढे केले, तर त्यांनी फक्त खुर्च्यांचे भाडे मोजून घेतले आणि उरलेले परत केले. आईंनी पिशवीतली शंकरपाळ्यांची पुडी मात्र त्यांच्या हातात ठेवली, ती त्यांनी घेतली. दोघींनी एकमेकींना हात जोडले.

परतीच्या होडीला तासाभराची रांग होती, सावली नव्हती, आणि एक कुटुंब मोबाईलमधली वेळ दाखवून कर्मचाऱ्याशी हुज्जत घालत होते. पुढचा संपूर्ण दिवस समुद्रातच होता; त्यात जेवणाखेरीज सांगण्यासारखे काही घडले नाही.

वयस्कर माणसे बरोबर असतील तर नोंदणी करतानाच प्रत्येक बंदराचे नाव घेऊन ‘धक्का की होडी’ असे विचारावे, एवढेच मी सांगेन, कारण आपण होऊन हे कोणी सांगत नाही. घरी आल्यावर मी आमच्या एजंटला फोन करून ते आधी का सांगितले नाही, असे विचारले. त्यांचे उत्तर होते, “अहो मॅडम, सगळे जातात की.”