कोअरमधून शेवटचं तेल काढताना: इमल्शन फ्लडिंगचा माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी हा विषय घेतला तेव्हा वर्गातले सगळे एकच विचारायचे: तेल आणि पाणी वेगळं करायला कंपन्या एवढा खर्च करतात, मग तू मुद्दाम इमल्शन कशाला करतेस? प्रश्न रास्त होता. विहिरीतून वर आलेलं इमल्शन, म्हणजे एकात दुसऱ्याचे बारीक थेंब पसरलेलं तेल-पाण्याचं मिश्रण, डोकेदुखीच असते, पण जमिनीखाली तेच उपयोगी पडतं.

साठ्यात पाणी सोडून तेल ढकललं तरी बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खडकातच राहतं. पाणी मोठ्या छिद्रांतून सोपी वाट काढतं आणि थेट उत्पादन विहिरीत पोचतं. पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब असलेलं इमल्शन सोडलं, तर तेही त्याच वाटेने जातं, पण थेंब छिद्रांमधल्या अरुंद गळ्यांत अडकतात. मग मागून येणाऱ्या पाण्याला दुसरीकडे वळावंच लागतं. संशोधक मॅकऑलिफ यांनी 1973 मध्ये हे मांडलं. आपल्याकडे ओएनजीसीने 2002 मध्ये गुजरातच्या विराज क्षेत्रात अल्कली (सोड्यासारखं रसायन), सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) आणि पॉलिमर (पाणी दाट करणारं द्रव्य) एकत्र सोडून पाहिले होते. पद्धत वेगळी, पण राहिलेलं तेल सोडवायचं हाच हेतू. गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त खनिज तेल आयात करणाऱ्या देशात जुन्या क्षेत्रांतलं तेल असं सोडून देणं मला पटत नाही.

प्रयोगाचा क्रम ठरलेला असतो. वालुकाश्माचा प्लग, म्हणजे कोअर या खडकाच्या दंडगोल नमुन्याचा छोटा तुकडा, धुऊन वाळवायचा, निर्वातात खाऱ्या पाण्याने भरायचा, मग त्यात तेल ढकलायचं आणि साठ्याच्या तापमानाला मुरत ठेवायचा. त्यानंतर पाणी सोडत राहायचं, बाहेर जवळजवळ नुसतं पाणी येईपर्यंत. इमल्शनची पाळी त्यानंतर.

खरी कसोटी थेंबाच्या आकाराची. थेंब फार लहान असला तर गळ्यातून निसटून जातो. फार मोठा असला तर प्लगच्या तोंडाशीच साचतो. थेंब आत नीट अडकले की दाब वाढतो, पण तोंडाशी साचले तेव्हाही वाढतो आणि आलेख बघून काम झालं असं वाटतं. म्हणून आम्ही दाब प्लगच्या लांबीवर मध्येमध्येही मोजायचो आणि आत जाणारे व बाहेर येणारे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचो. होमोजिनायझरचा (थेंब बारीक करणाऱ्या यंत्राचा) वेग आणि सर्फॅक्टंटचं प्रमाण बदलत आकार जुळवावा लागतो. इमल्शन ठेवून दिलं की दुधावर साय यावी तसे थेंब वर जमतात, त्यामुळे ते ताजंच वापरायचं. शिवाय पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असेल तर काही सर्फॅक्टंट साक्याच्या रूपात खाली बसतात. साधं मिठाचं पाणी वापरून आलेल्या निकालावर मी तेव्हापासून भरवसा ठेवत नाही.

हिशेबाबद्दल मात्र सविस्तर सांगते. 3.8 सेंमी व्यासाचा, 7.5 सेंमी लांबीचा आणि 20 टक्के सच्छिद्रतेचा प्लग धरा. त्यातली छिद्रं साधारण 17 मिली भरतात. त्याच्या 0.3 पट, म्हणजे सुमारे 5 मिली इमल्शन सोडलं आणि त्यात 10 टक्के तेल असलं, तर अर्धा मिली तेल आपणच आत घातलं. सुरुवातीला प्लगमध्ये साडेअकरा मिली तेल असेल, तर हा अर्धा मिली चार टक्क्यांहून जास्त होतो. तो वजा केला नाही तर खडकाने न दिलेलं तेल आपल्या खात्यात जमा होतं. वजा करायलाही बाहेर आलेलं तेल नीट मोजता यायला हवं, आणि ते येतं इमल्शन होऊन. नळ्या तापवून, डिमल्सिफायर (इमल्शन फोडणारं रसायन) घालून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावरच तेल आणि पाण्यामधली रेषा स्पष्ट दिसते. आमच्या मॅडम म्हणायच्या, "दाबाचा आलेख सुंदर आला तर आधी तेल पुन्हा मोज." मी मोजायचे.

एका प्लगवर तेल वाढलेलं दिसलं तरी वाट वळते हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. त्यासाठी जास्त आणि कमी पारगम्यतेचे (द्रव आतून वाहू देण्याच्या क्षमतेचे) दोन प्लग समांतर जोडले. पाणी सोडलं तेव्हा जवळजवळ सगळा प्रवाह पहिल्यातून गेला आणि दुसऱ्यातलं तेल जागीच राहिलं. इमल्शननंतर पुन्हा पाणी चालू केल्यावर पहिल्याचा वाटा घटला आणि दुसऱ्या प्लगच्या नळीत तेल येऊ लागलं. आता हेच प्रयोग उत्तर गुजरातेतल्या जड तेलावर करायचे आहेत. तिथे तेल इतकं घट्ट आहे की पाण्याला अशी सोपी वाट फारच लवकर सापडते.