कोणाची?

रविवार, रात्री साडेअकरा

आई दुपारी मेथी निवडत बसली होती. खाली वर्तमानपत्र, एका बाजूला पानं, एका बाजूला देठ. मी आमच्या जुन्या फियाटची हाताने केलेली छोटी गाडी आणली आणि मधल्या मोकळ्या जागेत तिच्याकडे तोंड करून ठेवली. बोललो काहीच नाही. तिने वाकून पाहिलं, हात मातीचे म्हणून उचलली नाही, आणि म्हणाली, "छान झालीय हो. कोणाची?"

मी म्हटलं, "एका मित्राची."

"बरं," म्हणून तिने पुढची जुडी सोडली.

आता सगळे झोपलेत आणि मी टेबलाशी बसून स्वतःला विचारतोय, मित्राची कशाला म्हणालो? कोण मित्र? 'आपली' एवढंच तर म्हणायचं होतं.

तसा प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांची अँबॅसडर केली तेव्हाही तिने हेच विचारलं होतं, कोणासाठी करतोयस या अर्थाने. आजही तोच अर्थ असेल. असेलच. पण माझी तयारी प्रश्नाची नव्हती. मला वाटलं होतं ती बघेल, क्षणभर गप्प होईल, मग अप्पांचं काहीतरी काढेल. आठ महिने हा प्रसंग मी मनात रंगवत होतो, खोटं कशाला बोलू. त्यात मी काय उत्तर देणार हेसुद्धा ठरलेलं होतं.

डोळ्यांना दोष देता येत नाही. दोन्ही मोतीबिंदू निघालेत आणि या घरात सुईत दोरा अजून तीच ओवते.

मग रंग चुकला का? दादाशी फोनवर यावरून वाजलं होतंच. तो म्हणतो राखाडी होती. मी म्हणतो फिकट निळी, टपावर उन्हाने पांढरट पडलेली. रंगीत फोटो एकच आहे आणि तो इतका तांबूस झालाय की त्यात गाडीही तांबूस, नारळाचं झाडही तांबूस आणि अप्पाही. शेवटी माझ्या आठवणीवर विसंबून नाना पेठेत गेलो. रंगवाल्याने विचारलं, "गाडी कोणती?" म्हटलं, फियाट. "कुठला पार्ट मारायचाय?" म्हटलं, सगळी. "आणि शंभर मिलीत होणार?" मी हो म्हणालो. त्याने पुढे काही विचारलं नाही, पण पैसे आधी घेतले.

त्या रंगात मी घरी थोडा पांढरा घातला. लहान मॉडेलला खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा दिला की तो गडद, जड दिसतो. लांबून बघितल्यासारखं वाटायला तो उजळावा लागतो. हे सगळे करतात. पण आई लांबून कुठे बघत होती? ती दोन फुटांवर होती.

तो पांढरा नडला असेल.

सोमवार

ऑफिस नसल्याचा तोटा हा, की एकच गोष्ट दिवसभर चघळता येते.

आज नुसता हिशेब मांडत बसलो. कुणाला सांगायचा म्हणून नव्हे. म्हणजे, कुणी विचारलाच नाही म्हणून.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी, म्हणजे फियाटच, रस्त्यावरून निघाली. ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती 30 तारखेला बाद. त्या आठवड्यात सगळ्यांनाच फियाटचे उमाळे येत होते, मलाही आला, आणि मी किट मागवलं. इटलीतल्या एका लहानशा कारागिराकडचं, फियाटच्या 1100 डी या मॉडेलचं, 1:43, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याचं. दीड वर्ष ते कपाटात पडलं होतं. मेधा म्हणायची, वर्षश्राद्ध झालं त्याचं.

उघडलं तर आत खरवसाच्या रंगाची एक वडी. रेझिनचं किट म्हणजे प्लॅस्टिकच्या किटसारखं चटचट तोडून चिकटवायचं काम नाही. रबराच्या साच्यात पातळ रेझिन ओततात, ते घट्ट झालं की काढतात, आणि साचा काही डझन गाड्यांत थकतो. माझी वडी थकलेल्या साच्यातली असावी. छपरावर बुडबुड्यांची भोकं, चाकांच्या कमानीला पापुद्रे, मागचा बंपर वाकडा. आधी भांड्यांच्या साबणाने धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर राहिला की वर रंग ठरतच नाही. भोकं भरायला सुपरग्लू आणि त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा, क्षणात दगड होतो. बंपर गरम पाण्यात बुडवून सरळ केला. चहाच्या पातेल्यात. (तेव्हापासून मला वेगळं पातेलं आहे.) घासायचं ते पाण्याखाली आणि तोंडाला मास्क बांधून, कारण रेझिनची कोरडी धूळ छातीत जाणं वाईट.

मग दारांच्या फटी. या मॉडेलची दारं उघडत नाहीत, फट म्हणजे नुसती रेघ. ती सुईसारख्या हत्याराने खोल करत न्यायची, नाहीतर रंगाने बुजते. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर तो चार मिलिमीटरांहून जाड झाला असता. असा रंग तर भिंतीलाही कोणी देत नाही.

आणि ती इटलीची गाडी, स्टिअरिंग डावीकडे. डॅशबोर्ड कापला, उलटा बसवला, नखाएवढं स्टिअरिंग उजवीकडे आणलं, त्याला लागून गिअरची दांडी तारेची. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा वेगळ्या कापल्या. एका खेपेला सुपरग्लूची वाफ काचेला लागली आणि ती आतून धुक्यासारखी पांढरी झाली. काढली, पुन्हा कापली. समोरची जाळी तर किटमधली चालणारच नव्हती, आमच्या गाडीची वेगळी होती. ती तीनदा केली. तिसऱ्या वेळेला आडव्या पट्ट्या मोजून, भिंगाखाली. त्यावर चांदीसारखी चिकट पन्नी, काजूकतलीवरच्या वर्खाची मोठी बहीण, ती लवंगेच्या टोकाने खाचांत बसवत गेलो. लवंग का, तर दातकोरणीने फाटते. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझा शोध आहे.

तर हा हिशेब. आणि ती म्हणते, कोणाची.

मेधा म्हणाली, "सरळ विचार ना त्यांना." कसं विचारू? "आई, तू आपली गाडी ओळखली नाहीस का?" म्हणजे मग आधी मित्राचं काय ते सांगा. आणि समजा विचारलं आणि ती म्हणाली, हो, नाही ओळखली. मग?

एकदा वाटतं, आकाराचाच दोष आहे. पावणेचार मीटरच्या वरची गाडी नऊ सेंटिमीटरची झाली की ती कोणाचीच राहत नसेल. त्यात हे त्रेचाळीस मुळात गाड्यांचं मापच नव्हे. खेळण्यातल्या आगगाड्यांचं ओ गेज, इंग्रजांनी एका फुटाला सात मिलिमीटर धरले, त्यातून आलेलं. स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी लागल्या, त्या त्याच मापाच्या झाल्या आणि पुढे तेच माप चिकटलं. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या फियाटला कोणा साहेबाच्या पोराच्या रेल्वेचं माप.

एकदा वाटतं, तिला गाडीची आठवणच नको असेल. विकली तेव्हा तिला विचारलं होतं का कोणी? मी नाही, दादाने नाही... जाऊ दे. ते पुन्हा नको.

संध्याकाळी गाडी काचेच्या डबीत ठेवली. पुन्हा काढली. टेबलाच्या दिव्याखाली अगदी हुबेहूब दिसते हो. जाळी तर अशी बसलीय.

मंगळवार

आज लिहायचं ते नीट लिहितो.

सकाळी मी मागच्या नंबरप्लेटचा कोपरा पुन्हा दाबून बसवत होतो, म्हणून गाडी पाठमोरी. आई कात्री परत ठेवायला आली. उभी राहिली. मग तिने गाडी उचलली. पहिल्यांदा. मी म्हणणार होतो बोटांचे ठसे, पण नाही म्हणालो. तिने दोन्ही अंगठे डिकीवर ठेवले, नंबरप्लेटच्या दोन बाजूंना, आणि जरासे दाबले.

"मागून आपल्या गाडीसारखी आहे की रे."

मी म्हटलं, "हो का?"

"आपल्या डिकीवर बांगड्यांचे ओरखडे होते. या उजव्या बाजूला." आणि गाडी खाली ठेवत, "तुझ्या मित्राच्या बायकोला ढकलावी लागत नसणार."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काही कळेना. तिच्या तोंडावरून मला आजवर कधी काही कळलंय?

ती गेल्यावर मी बराच वेळ हसत होतो, आणि मग नव्हतो.

कारण हे मला माहीत होतं. मीही ढकललीय ती गाडी, तिच्या शेजारी, शाळेच्या बुटांनी. सातारकरांचं बरं, गाडी रात्री उतारावर लावायची आणि सकाळी नुसता ब्रेक सोडायचा. सांगलीला उतार कुठला! थंडीत बॅटरी मान टाकायची. नवी घ्यायचं अप्पा पुढे ढकलायचे आणि आम्ही गाडी. ते आत बसून, खिडकीतून हात बाहेर काढून, "हं, आता!" म्हणायचे. आई पदर खोचून मागे. दादा कधीच नसायचा, त्याची नेमकी दाढी चाललेली असायची. गचका बसायचा, धूर यायचा, गाडी पुढे निघून जायची आणि आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध. मग पुढे जाऊन अप्पा थांबायचे, इंजिन बंद पडू नये म्हणून गुरगुरत ठेवायचे, आणि आम्ही पळत जाऊन बसायचो. ओरखडे दिसले की म्हणायचे, "बांगड्या काढून ढकलत जा." तिने काढल्या नाहीत.

म्हणजे गाडीचं तोंड तिने पाहिलं किती? आत बसली की दिसत नाही. बाहेर उभी असली की तिच्यासमोर डिकी. मी आठ महिने जाळी करत होतो, तीन वेळा, पट्ट्या मोजून. आणि मागची बाजू? मागची बाजू मी एका दुपारी उरकली. शेपटाचे दिवे किटमधलेच, त्यांना नुसता लाल पारदर्शक रंग. बंपर चहाच्या पातेल्यातला. ही गाडी मी कोणासाठी करत होतो, हा प्रश्न तिने रविवारीच विचारला होता की. मीच उगीच दुसरा अर्थ लावत बसलो.

खरं म्हणजे जाळीचंही आता खात्रीने सांगवत नाही. मी तरी ती कधी एवढी निरखली होती? जाळी मला शेजारच्यांच्या गाडीची आठवत असेल. त्यांच्याकडे डुक्कर फियाट होती, पुढची दारं उलटी उघडणारी, मग पद्मिनी आली. नवी. ती सेल्फवर चालू व्हायची.

मंगळवार, रात्री

ओरखड्यांचा विचार केला. नाही होत.

सुईने रेघ ओढली तर बारीकात बारीक एक दशांश मिलिमीटर. त्रेचाळीसने गुणा. डिकीवर कोणीतरी पहार ओढत नेल्यासारखं दिसेल. बांगडीचा ओरखडा मुळात केसाएवढा, त्या केसाला त्रेचाळीसने भागायचं, असं हत्यार जगात नाही. फार तर वरच्या लॅकरची चकाकी दोन हजारच्या पॉलिश पेपरने तेवढ्यापुरती मारता येईल, खऱ्या गाडीच्या हिशेबात तळहाताएवढा एक मंद डाग. पण तो ओरखडा वाटणार नाही, माझी चूक वाटेल. इतकी मरमर करून आरशासारखा केलेला पृष्ठभाग, त्यावर मुद्दाम चूक करायची. हात धजेना. पेपरचा तुकडा कापून ठेवलाय, तो तसाच पडलाय.

जेवताना आईला सांगितलं. "ओरखडे नाही येत एवढ्या लहान गाडीवर." मित्राचं नाव तिनेही काढलं नाही, मीही नाही. त्रेचाळीस म्हणजे काय, केस किती जाड, सुई किती जाड, सगळं समजावलं. तिने ताकाची वाटी संपवेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"मग जरा मोठी करायचीस," म्हणाली, आणि वाटी घेऊन उठली.

चोवीसच्या प्रमाणात सोळा सेंटिमीटरच्या वर जाईल. डिकी दोन बोटं रुंद नाही, चांगली चार बोटं. सुईचा ओरखडा तरीही जाडच, जवळजवळ अडीच मिलिमीटर. दोनदा करून पाहिला हिशेब.