तुम्ही विचारलंत म्हणून: किडनीच का?

"एवढं शिकलात, मग हार्ट सोडून किडनी का घेतलीत? तुमचे पेशंट तर कधी बरे होतच नाहीत." लग्नात, लिफ्टमध्ये, परवा बँकेतही हेच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

बरे होत नाहीत, हे खरं नाही. लेप्टोत, सर्पदंशात, जुलाबांनी बंद पडलेली किडनी पुन्हा चालू झालेली मी कितीदा पाहिली आहे. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमडी, तीन डीएम, म्हणजे किडनीचं खास शिक्षण. एवढ्या वर्षांत लघवीच्या पिशवीत जमलेल्या पहिल्या २०० मिलीइतका आनंद मला कशानं झाला नाही. आणि किडनी घेतली ती गणित आवडायचं म्हणून. सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. नीट मांडलं की उत्तर येतंच, असं तेव्हा वाटायचं.

डीएमच्या पहिल्या वर्षी २६ वर्षांचा एक ऊसतोड कामगार आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, १४ वर गेलेलं; सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. राउंड चालू होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. कायमचं." बायकोनं विचारलं, "मॅडम, पैसं?" "सरकारी योजनेत फुकट होतं," म्हटलं आणि पुढच्या कॉटकडे वळले.

दोन डायलिसिस झाले आणि तो सही करून घरी गेला. केसपेपरवर मी लिहिलं, 'डामा'. डॉक्टरांचा सल्ला न मानता गेला. चूक त्याची, असं त्या एका शब्दात येतं.

अकराव्या रात्री परत आणला. पोटॅशियम ८.१, जीवघेणं. ईसीजीची रेघ नागमोडी झालेली. कॅल्शियम दिलं, मशीन लावेपर्यंत हृदय थांबलं. बायकोच्या हातात कापडदुकानाची पिशवी होती, त्यात सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. ती म्हणाली, "डायलिसिस फुकटच हुतं. पर येका खेपेला दोघांचं सहाशे जायचं. आन् मुकादमाची उचल फिटायची हुती."

त्या दिवशी माझ्याकडे बावीस पेशंट होते, रात्रभर झोप नव्हती. हे खरंच आहे, आणि ते मी कुणालाही सांगेन. पण गाव कुठलं, येता कसे, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. विचारलं असतं तर तो वाचला असता का? कधी वाटतं, हो. कधी वाटतं, उचल माझ्या विचारण्यानं थोडीच फिटणार होती.

आता क्रिएटिनिनच्या आधी एसटीचं भाडं विचारते. तरी गेल्या महिन्यात एकानं येणं सोडलं. त्याला सगळं विचारलं होतं. फोन लागतो, पण तो उचलत नाही. उद्या त्याच्या भावाला लावून बघणार आहे.