आमची वाटचाल : 16 की 19

लाकडी वाडग्यांचं हे वर्कशॉप आम्ही दोघांनी सुरू केलं, मी आणि माझा भागीदार. वेगळा होऊन त्याला आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या तोंडात अजून ‘भागीदार’च येतं. पहिली चार वर्षं बरी गेली. काम येत होतं, जात होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाचव्या वर्षी ताईंची ऑर्डर आली. ताई आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांना 12 इंची 150 वाडगे हवे होते. तोवर आम्ही 8 इंचाच्या वर कधी गेलो नव्हतो आणि सगळं काम 13 मिलिमीटर दांडीच्या बाउल गाउजवर, म्हणजे वाडगे कोरायच्या पन्हाळीदार पटाशीवर, भागत होतं. पण 12 इंचाचा ओला ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, चढला की धड गोल नसतो, अर्धी फेरी नुसती हवा कापायची आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत ठोके खायचे. आत कोरताना धार टूल रेस्टच्या, म्हणजे अवजार टेकवायच्या आडव्या पट्टीच्या, दोन-अडीच इंच पुढे गेली की 13ची दांडी थरथरायला लागायची. भागीदार म्हणाला, मोठं गाउज घेऊ. मी म्हणालो, या ऑर्डरचे पैसे येऊ देत, मग घेऊ. एवढं मी कबूल करतो. पुढचं मात्र माझ्या माथी मारू नये.

एके दिवशी मी लाकूड बघायला गेलो होतो. मागे त्याने पेटीतून स्पिंडल रफिंग गाउज काढलं. दिसायला दांडगं, तोंड सव्वा इंचाचं. कुणालाही वाटेल की मोठ्या कामाला हेच. पण आमचं ते गाउज पट्टी वळवून घडवलेलं होतं, मुठीत शिरणारं शेपूट चपटं आणि बारीक. ते लांब नगाचं अवजार, जिथे लाकडाचे रेषे लेथच्या आसाला समांतर जातात. वाडग्याच्या ठोकळ्यात रेषे आडवे, दर फेरीला दोनदा आडवी टोकं समोर येतात. धार अडकली आणि सगळा झटका त्या शेपटावर आला. मुठीच्या तोंडाशीच मोडलं. मनगटाला सात टाके पडले.

दोन महिन्यांत तो वेगळा झाला. जाताना तीन गिऱ्हाइकं आणि एक कारागीर घेऊन गेला. आणि जिथे तिथे सांगत सुटला की ह्याला माणसाच्या हातापेक्षा पैसा मोठा. अहो, पेटीवर मीच खडूने लिहिलं होतं, ‘वाडग्याला नाही’. ते कुणी सांगत नाही.

साठ वाडगे बाकी होते. मी हट्टाने मोठं गाउज मागवलं, 5/8 इंचाचं, म्हणजे 16 मिलिमीटर. आलं ते 19ची दांडी घेऊन. काही कारखानदार दांडीचा व्यास सांगतात, आणि ब्रिटिश पद्धतीचे पन्हाळीवरून, म्हणजे दांडीतल्या खोबणीवरून, माप धरतात. त्यांचं 5/8 म्हणजे दांडी पाऊण इंचाची. हे मला धार लावून झाल्यावर कळलं, परत कोण घेणार? तशी 19ची दांडी भक्कमच. जाडीच्या चौथ्या घाताने ताठपणा वाढतो, म्हणजे 16च्या जवळजवळ दुप्पट. पण आमची लेथ एका हॉर्सपॉवरची. जरा खोल घास घेतला की पट्टा घसरायचा आणि ठोकळा जागच्या जागी थांबायचा. मग पातळ पातळ सोलत बसा, म्हणजे मोठ्या अवजाराचा उपयोग काय?

त्या महिन्यात मी लेथ विकायची बोलणी सुरू केली होती.

ताई आल्या. काही न बोलता त्यांनी फळीवरचा एक कच्चा वाडगा उचलला, अंगठा आत आणि बोटं बाहेर ठेवून काठ गोल गोल फिरवला. एका जागी थांबल्या. “इथे बोटभर आहे, इथे दीड बोट. वाळताना तडकणार हा.” बरोबर होतं. ओल्या वाडग्याची भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, 12 इंचाला सव्वा इंच, आणि सगळीकडे सारखी लागते. मी घाईत होतो. त्यांनी मुदत चार महिने वाढवली आणि उरलेल्या साठांचे पैसे आगाऊ दिले. बाई गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या, मुकादम होऊन गेल्या.

त्या पैशांतून खरं 16 आलं. विचारलं नाही तरी सांगतो: एका हॉर्सपॉवरच्या लेथवर 16च्या वर जाऊ नका. मागवताना दांडीचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. हायस्पीड स्टील असेल तर ग्राइंडरवर कड निळी पडली म्हणून घाबरू नका, ते भय साध्या कार्बन पोलादाचं. धारेच्या दोन्ही बाजूंच्या कडा, म्हणजे पंख, मागे ओढून धार लावा. ओबडधोबड काढताना पंखानेच मोठा घास जातो. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे. वेगाचा हिशोब सोपा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे 6000 ते 9000च्या आत ठेवा, आणि ठोकळा डुगडुगत असेल तर त्याहूनही खाली. आमच्या नव्या पोराला हे रोज सांगावं लागतं.

पुढची नऊ वर्षं काम चाललं.

गेल्या वर्षी दोन हॉर्सपॉवरची लेथ घेतली आणि कपाटातलं 19 बाहेर काढलं. दांडी तीच, मूठ नवी, 20 इंचाची. पहिल्याच ठोकळ्यावर अशी लांब, ओली, दोरीसारखी ढलपी खांद्यावरून मागे गेली की पोरगं हसायला लागलं. ही बातमी भागीदारापर्यंत गेली असेलच. आमच्याकडचं सगळं त्याला कळतं.